कोपरे गोल काप

चंद्रा,

मी तुझ्यावर रागावले आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज व्हायला नको.

काल तुझं बारावं झालं. आलेले सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. चंद्राबाईने कधी कुणाला उपाशी पाठवलं नाही, चंद्राबाईला गुंद गावातली सगळी गुरं नावानिशी ठाऊक, चंद्राबाई असती तर आज पानात मुडलीच्या कंदाची भाजी नक्की असती. मी मान हलवत बसले होते. माझ्या मनात एवढंच होतं की ही बाई आत्ता मागच्या दाराने आत आली, तर आधी तिला एक ठेवून देईन आणि मग चहा टाकीन.

आज पाहुणे गेले. भांडी पुसून जागेवर लावली, शेजारच्यांच्या सतरंज्या घडी करून परत पाठवल्या. आता वही घेऊन ओट्यावर बसले आहे. बोलते आहे तुझ्याशी, पण वाचतील ती आपली नातवंडं, मुक्ता आणि ओंकार. म्हणजे, मी पाठवलं तर. ते अजून ठरलेलं नाही. सत्तरी उलटलेल्या, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला एक पत्र पाठवायचं की नाही हे ठरवता येत नाही, याचाही राग तुझ्यावरच.

कारण तू मला शपथ घातलीस. बेळगावच्या इस्पितळात, भर दुपारी, माझं मनगट धरून. "वैनी, त्या पोरीला सांगू नकोस. माझ्या गळ्याची आन हाय तुला." आणि मी बरं म्हणाले.

काय सांगायचं नाही? मुक्ताने तिच्या प्रयोगशाळेत बनवलेला तो पांढरा पापुद्रा, जो तिने फक्त बघायला म्हणून माझ्याकडे ठेवला होता, तो तू पायाच्या जखमेवर बांधलास. आणि त्याच्या भरवशावर महिन्याहून जास्त गप्प बसलीस. एवढंच सांगायचं नाही. एवढंच!

आपलं भांडण किती जुनं आहे ते या मुलांना ठाऊक नाही. मुक्ता सहा-सात वर्षांची होती. सुट्टीत इथे आलेली, मागच्या जांभ्याच्या पायऱ्यांवर पडली आणि गुडघा फुटला. मी कपाटातून टिंचर आणि कापूस आणेपर्यंत तू गोठ्यात जाऊन आढ्यावरचं कोळ्याचं जाळं काढून आणलंस आणि बोटाने तिच्या गुडघ्यावर दाबून बसवलंस.

"चंद्रा! गोठ्यातली घाण आहे ती!"

"घाण न्हाई. दोरा हाय त्यो. रगत धरून ठेवतोय."

"धनुर्वात झाला म्हणजे?"

"तुझ्या त्या लाल पान्यानं पोरगी किंचाळतीया, त्ये चालतंय व्हय?"

रक्त थांबलं होतं हे खरं. मी तरी जाळं धुऊन टिंचर लावलंच, आणि मुक्ता किंचाळलीच. त्या दिवसापासून ती तुझी झाली. तू खरं म्हणजे तिच्या आजोबांची बहीण, पण तिचे वडील तुला आत्ती म्हणत म्हणून तीही आत्तीच म्हणायची. मला आजी म्हणायची आणि माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायची. तुझ्या मागे मात्र पोफळीच्या बागेत अनवाणी हिंडायची.

मी पुढे टिंचर सोडलं, नवी औषधं आली. तू जाळं सोडलं नाहीस. कोयता लागला, जाळं. विळी लागली, जाळं. आणि मग मुक्ता शिकायला परदेशी गेली आणि एकदा फोनवर म्हणाली, की तिथे मुलाखतीत तिला विचारलं, हाच विषय का निवडलास, तर तिने तुझ्या जाळ्याची गोष्ट सांगितली. जखमेवर ठेवायचे बारीक धाग्यांचे पापुद्रे बनवायचे, हा तिचा विषय. तू फोन माझ्या हातून ओढून घेतलास. त्यानंतर आठवडाभर या घरात राहणं मला कठीण करून टाकलंस.

"बग वैनी, तुझं टिंचर कुठं गेलं? पोरगी माज्या जळमटाच्या मागं लागली."

जिंकलीस तू, चंद्रा. मी तेव्हा मान्य केलं नाही, आता करते. पण जिंकलेल्या माणसाने जरा शहाणपणाने वागायचं असतं.

या मे महिन्यात मुक्ता आली. तो दिवस मी पुन्हा पुन्हा तपासते आहे, विद्यार्थ्याच्या वहीत पहिली चूक कुठे झाली ते शोधावं तशी.

ती इथेच ओट्यावर बसली होती. मी खुर्चीवर, तू खाली, मांडीवर सुपारीचं सूप. तिने पिशवीतून एक फाइल काढली आणि फाइलमधून चंदेरी कागदाची घडी. उलगडली तर आत पोस्टकार्डाएवढा पांढरा चौकोन. कागद म्हणावा तर कागद नाही, कापड म्हणावं तर वीण दिसत नाही. फुंकर मारली असती तर उडाला असता.

"अगं बाई," तू म्हणालीस, "ह्ये तर जळमटच!"

"तेच आहे आत्ती. फक्त कोळी मी आहे."

मग तिने समजावून सांगितलं. मी लक्ष देऊन ऐकलं, कारण मला नीट कळायला लागतं. तूही ऐकलंस, तुझ्या पद्धतीने, सुपारी निवडता निवडता. कुर्ल्यांच्या आणि कोळंबीच्या कवचातून एक पदार्थ काढतात. त्यात थोडं जिलेटिन घालतात, आंबट पाण्यात विरघळवतात, पाकासारखं दाट करतात. ते सिरिंजमध्ये भरून सुईच्या टोकाला हजारो व्होल्टची वीज जोडतात. टोकावरचा थेंब विजेने ओढला जातो, टोकदार होतो आणि त्यातून धागा सुटतो. वाटेतच पाणी उडून जातं आणि समोरच्या पत्र्यावर कोरडा धागा पडत राहतो, पडत राहतो, तासन्‌तास. माणसाच्या केसाचे उभे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाहून बारीक.

"कुर्लीचं कवच?" तू म्हणालीस. "ते तर आमी उकिरड्यावर टाकताव की गं!"

"तेच. आणि ते शरीराला चालतं, परकं वाटत नाही. आपल्या कातडीच्या आतही अशाच बारीक धाग्यांची जाळी असते. जखम होते तेव्हा ती फाटते. मग नव्या पेशींना धरायला काही उरत नाही. आपण ही जाळी ठेवायची. पेशी तिच्यावर चढतात, पसरतात, स्वतःची जाळी विणतात, आणि मग आपली विरघळून जाते."

"म्हंजे दवा न्हाई."

"नाही. मांडव आहे, आत्ती."

तू सूप खाली ठेवलंस. समोर पोफळीवर चढलेल्या मिरीच्या वेलीकडे बघितलंस. आणि जे विचारलंस ते तुला आठवतं का? मला आठवतं. अक्षर न्‌ अक्षर आठवतं.

"मांडव घाटला, बरं. पन मुळात कूज लागली आसंल तर? मग येल चडंल व्हय?"

मुक्ताने हातातली फाइल खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, आमच्या गटात एवढा नेमका प्रश्न विचारायला मला वर्ष लागलं होतं." आणि तुला म्हणाली, "नाही चढणार. कुजलेलं आधी काढावं लागतं. रक्त तिथपर्यंत पोचावं लागतं. साखर ताब्यात लागते. मग मांडव. आणि हा तर अजून माणसावर लावायचाच नाही, यातलं आंबट पूर्ण धुतलेलं नाही, निर्जंतुक केलेला नाही. वाया गेलेला तुकडा आहे. तुम्हाला दाखवायला आणला."

हे तू ऐकलंस, चंद्रा. तिथे बसून ऐकलंस. साखरेच्या गोळ्या तू स्वतः घेत होतीस. पोफळीखालच्या वेली पिवळ्या पडल्या की आधी माती उकरून मूळ बघणारी बाई तू. सगळं ठाऊक असून स्वतःच्या पायाला तू मिरीच्या वेलीएवढीही किंमत दिली नाहीस. हा माझा पहिला राग, आणि तो शेवटपर्यंत जाणार नाही.

आता माझी चूक. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

मुक्ता गेल्यावर मी तो तुकडा स्टीलच्या गोल डब्यात ठेवला. चंदेरी कागदावर तिने इंग्रजीत लिहिलेलं होतं, तिचं नाव, कसला नमुना, आणि 'नॉट फॉर ह्यूमन यूज'. मी डब्यावर आणखी एक चिठ्ठी चिकटवली. माझ्या घरात चिठ्ठीशिवाय डबा नसतो. तीही इंग्रजीत, त्याच शब्दांत. तू दारात उभी होतीस.

"काय लिवलीस गं?"

मी कपाट आवरत होते, घाईत होते. "मुक्ताचं नाव," म्हणाले आणि कपाट लावून घेतलं.

खोटं नव्हतं. नाव होतंच. पण तुला कन्नड सुरेख वाचता यायचं, मराठी लावून लावून वाचायचीस, आणि इंग्रजी मी तुला कधी शिकवलं नाही. शनिवारी रामनगरच्या शाळेतून यायचे, रविवारी वह्या तपासायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. गावभरच्या पोरांना शिकवलं. तू चहा आणून ठेवायचीस आणि वहीतल्या लाल रेघांकडे बघत उभी राहायचीस. एकदाही म्हणाले नाही, बस, तुलाही दाखवते. तू म्हणालीही असतीस, "मला काय करायचंय तुजं इंग्लिस." पण मी विचारायला हवं होतं.

आषाढात बागेत बांबूचा खुंट तुझ्या तळपायात शिरला. तुला कळलंच नाही. साखरेने पायाची जाणीव गेली होती. घरी येऊन पाय धुताना पाणी लाल झालं तेव्हा तू बघितलंस. हे सगळं तू मला नंतर सांगितलंस, इस्पितळात, जणू दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. "दुकलंच न्हाई वैनी! दुकत न्हाई म्हंजे बारीक काय तरी आसंल म्हटलं."

आणि मग तू मोजे घालायला लागलीस. ओंकारने थंडीसाठी पाठवलेले ते राखाडी मोजे. आणि घरात चपला. तीस वर्षं मी तुझ्या मागे लागले होते, चंद्रा, चपला घाल, चपला घाल. आणि त्या पावसाळ्यात तू घातल्यास.

"ह्या वर्सी लई गारवा हाय," म्हणालीस.

मी काय केलं ठाऊक आहे? मी तुझं कौतुक केलं. ओंकारचा फोन आला तेव्हा त्याला सांगितलं, बघ, तुझ्या मोज्यांनी आत्ती सुधारली. तू पलीकडे बसून हसत होतीस. मोज्याच्या आत तुझा पाय सडत होता आणि तू हसत होतीस. हे कसं माफ करायचं ते मला सांग.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मोदकांची भांडी घासायला तू मोरीत बसलीस आणि मला वास आला. आधी वाटलं उंदीर मेलाय. मी फळीखाली बघितलं, पोत्यांमागे बघितलं. मग वास तुझ्याबरोबर स्वयंपाकघरात आला.

"पाय दाखव."

"काय न्हाई. सुम्म गप बस की, सणासुदीचं."

"चंद्रा, पाय दाखव."

मी मोजा ओढून काढला. आत केळीच्या पानाचा तुकडा, त्याखाली बुळबुळीत पांढरं काही, जिलबीच्या पिठासारखं. आणि त्याखाली जे होतं ते मी इथे लिहीत नाही. मुलं वाचणार असतील.

"हे काय लावलंस?"

तू कपाटाकडे बघितलंस. मी कपाट उघडलं. डबा जागेवर होता, चिठ्ठी जागेवर होती, चंदेरी कागदाची घडी जशीच्या तशी होती. उलगडली तर आतल्या चौकोनाच्या कडेला इवलासा तुकडा कापलेला, आणि मध्ये तीन गोल भोकं. पुऱ्या वाटीने कापाव्यात तशी, एकाला एक लागून, मध्ये जागा वाया न घालवता. तुझं काम नेहमी नीटच असायचं.

जोयड्याच्या इस्पितळात बघितलं आणि लगेच बेळगावला न्या म्हणाले. रामनगर, खानापूर करत गेलो. मी डबा मांडीवर धरला होता. गाडीत तू मला म्हणालीस, "डबा कशाला घेतलीस? डाक्टरला डबा खायला घालनार हायस?" ड्रायव्हर हसला. मला त्याचाही राग आला.

डॉक्टर तरुण होते, थकलेले होते. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, डबा उघडून दाखवला. त्यांनी तो तुकडा उजेडाकडे धरला, ठेवून दिला. म्हणाले, "बाई, याने बिघडलं असं मी म्हणणार नाही. याने सुधारलं असंही नाही. हाडापर्यंत गेलेलं आहे. पायाला रक्त नीट पोचत नाहीये. पहिल्या आठवड्यात आला असतात तर..." आणि वाक्य सोडून दिलं. मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, वाक्य पुरं करा. त्यांना सांगितलं नाही.

गुडघ्याखालून पाय काढायला हवा म्हणाले. तू म्हणालीस, न्हाई. दोन दिवस तू न्हाई म्हणालीस, आणि मी दोन दिवस भांडले.

"एका पायानं बागंत काय करू? माकडं हाकलू?"

"खुर्ची टाकून बस. मी हाकलीन."

"तू? तुला बगून माकडं इंग्लिस बोलायला लागतील."

वॉर्डातल्या बायका हसल्या. मीही हसले, चंद्रा. त्या हसण्यात जे तास गेले त्यांचं काय करू? तिसऱ्या दिवशी तू सही केलीस, तोवर विष रक्तात पसरलं होतं.

पण त्या दोन दिवसांतच मी तुला विचारलं, का? तुला कूज कळते. मांडवाचा प्रश्न तूच विचारलास. जाळं लावायचं तर गोठ्यातलं लावायचंस. पोरीचा तुकडा का घेतलास?

तू माझ्याकडे असं बघितलंस जणू मीच खुळी.

"नवं हाय त्ये."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मी बाकावर बसले.

मुलांनो, तुम्ही कधी या दिवसांत इथे आला नाहीत, म्हणून सांगते. भात पिकायला लागलं की पहिली कणसं आणून दाराला बांधतात. नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. आणि आपल्या घरची रीत अशी, की नैवेद्यानंतर नव्याचा पहिला घास घरातल्या थोरल्या लेकीने खायचा. तिने खाल्ल्याशिवाय नवं धान्य उंबऱ्याबाहेर जात नाही. पाहुण्याला नाही, बाजारात नाही. सासूबाई सांगायच्या, जे बाधायचं ते आधी घरच्याला बाधू दे, मग जगाला द्यावं. चंद्रा या घरात परत आली तेव्हापासून तो घास तिचा होता. ती का परत आली याबद्दल या घरात कुणी कधी बोललं नाही, मीही बोलत नाही. पण दरवर्षी त्या दिवशी ती नवं लुगडं नेसून पाटावर बसायची आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत थांबायचो, हे मी बघितलं आहे.

"पोरगीच्या हातचं पयलं पीक," तू म्हणालीस. "उद्या ती ते कुना कुना परक्याच्या पायाला लावनार. घरातल्यानं आदी घ्यायला नगो? मला जकम झालीच हुती. म्हटलं, देवानंच धाडली."

चंद्रा, अगं, ते पीक पिकलेलं नव्हतं! ती म्हणाली होती तुला, वाया गेलेला तुकडा आहे. हिरवी कणसं कुणी खातं का? मी हे तुला तिथेच ओरडून सांगितलं. नर्स आली. तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालीस, "वरडू नकोस. मास्तरीण हायस तू. हितं लोक आजारी हाईत."

मग तू मनगट धरलंस आणि शपथ घातलीस. "डाक्टरला सांगितलीस त्ये सांगितलीस. पोरीला नको. ती काम सोडंल."

तेही तू बरोबर ओळखलं होतंस.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मुक्ताचा फोन आला. मी वळणावर उभी होते, जिथे रेंज येते तिथे. ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. एकामागून एक प्रश्न विचारत होती. जखम केवढी होती, किती दिवस होती, आणि शेवटी, "आजी, तिने वर काय लावलं होतं?"

मी म्हणाले, "तुझी आत्ती. काय लावणार? जाळं."

 मग ती म्हणाली, "मी इथे दिवसभर हीच जखम भरायचं काम करते. हीच, आजी. साखरेच्या पायाची. आणि माझ्या घरी माणूस गोठ्यातलं जाळं लावून मरतं. कशासाठी करायचं हे? मी सोडून परत येते." आणि फोन कट झाला, किंवा रेंज गेली.

वळणावरून घरी येईपर्यंत मला कळलं होतं की मी काय केलंय. तुझी शपथ पाळली आणि तुला अडाणी म्हातारी करून टाकलं. जिने मुळाच्या कुजीचा प्रश्न विचारला ती तू, आणि आता त्या पोरीच्या मनात तू गोठ्यातलं जाळं लावून मेलेली बाई आहेस. तू तिच्यावर एवढा विश्वास ठेवलास की तिचं पहिलं पीक स्वतःच्या अंगावर घेतलंस, आणि तिला वाटतंय तिचं काम तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. पोचलं होतं. चुकीचं पोचलं, अर्धवट पोचलं, माझ्या घाईच्या एका वाक्यावर पाय देऊन पोचलं. पण पोचलं होतं.

तिला सांगितलं तर ती मोडून पडेल का? पडेल कदाचित. मला त्याची भीती वाटते. म्हणूनच सकाळपासून ही वही उघडते आणि मिटते आहे. पण दुसरंही एक आहे, चंद्रा, आणि ते तू स्वतःच करून ठेवलंस.

शपथ घालून पाच मिनिटं झाली नसतील. मी तुला पाणी पाजत होते. तू फुलपात्र बाजूला केलंस आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणालीस,

"आनी पोरीला सांग, कोपरं उठत्यात."

"कसले कोपरे?"

"त्या तुकड्याचं. ती चौकोनी करतीया. पयला मी चौकोनीच कापनार हुते. उगंच कडेचा इवला चौकोन लावून बगितला. चाललं की कोपरं उठत्यात, मोज्याला चिकटत्यात. गोल कापला की बसतोय. गोल काप म्हनावं."

मी म्हणाले, "सांगते."

दोन्हीला हो म्हणून बसले मी. एकाच दुपारी, एकाच बाईला. आता मला सांग, ते कसं करायचं? कोपरे उठतात हे तुला कुठून कळलं, असं ती विचारणार नाही का? ती मुक्ता आहे. पहिला प्रश्न तोच विचारेल. हे तिला आधीच ठाऊक असेलही, कुणी सांगावं. तिथे मोठमोठी माणसं आहेत. पण तो तुझा निरोप आहे, आणि तो तू इस्पितळातल्या खाटेवरून, कामाला कामासारखं मानून पाठवला आहेस. शपथ तू भीतीने घातलीस. निरोप घाबरून दिलेला नव्हता. मला त्यातला एकच पोचवता येणार आहे.

काम सोडायचं की नाही ते मुक्ता ठरवेल. मी तिला धरून ठेवणार नाही. पण तिने ते खऱ्या गोष्टीवर ठरवावं, माझ्या जाळ्याच्या गोष्टीवर नाही. आणि सोडलं नाही, तर तिला हेही ठाऊक असायला हवं की तिची वस्तू कुठे कुठे जाणार आहे. गुंदला जाणार आहे. जिथे दुखत नाही म्हणजे बरं आहे असं मानतात, जिथे इंग्रजी चिठ्ठीला कुणी मुलीचं नाव समजतं. त्या सगळ्याला धरून तिला धागा काढावा लागेल. कसा, ते मला ठाऊक नाही. ते शिकलेल्या माणसांनी बघावं.

डब्यावरची माझी चिठ्ठी मी आज खरवडून काढली. पाण्याने निघाली नाही, नखाने काढली. तिच्या जागी कन्नडमध्ये लिहिलं, मोठ्या अक्षरात: हे माणसाला लावायचं नाही. खाली तेच मराठीत. डबा पुन्हा कपाटात, तुझ्या बाजूच्या फळीवर. आता ते वाचणारं या घरात कुणी नाही, पण लिहिलं आहे.

यंदा दाराला कणसं लागणार नाहीत. सुतकाचं वर्ष. भात मात्र थांबलेलं नाही, खालच्या शेतात लोंब्या वाकल्या आहेत. पुढच्या वर्षी पाटावर कोण बसणार ते मला विचारू नकोस. मी बसणार नाही. मला तुझ्याएवढा विश्वास कशावरच ठेवता आलेला नाही, आणि या क्षणी त्याचंही मला फार वाईट वाटत नाही. पण या घरात जे जे नवं आलं, ते आधी तुझ्या अंगावर आलं आणि मग आमच्या, हे मी विसरलेले नाही. माझी सगळी नोकरी तुझ्या पाठीवर झाली. रागात आहे म्हणून हे लिहायचं राहू नये.

आता उन्हं उतरायच्या आत वळणावर जाते. वहीच्या आधीच्या पानांचे फोटो काढून ठेवले आहेत, या पानाचा तिथे काढीन. एक फोटो डब्यातल्या तुकड्याचा आहे, काळ्या पाटीवर ठेवून काढलेला, म्हणजे तीन गोल स्पष्ट दिसतील.

मुक्ता, आत्तीचा निरोप आहे. कोपरे उठतात. गोल काप.

चंद्रा, मी शपथ मोडली. आता रागावायची पाळी तुझी.